‘लाफिंग स्टॉक’ आणि खोड्याची गोष्ट

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजी वाक्प्रचारांची ओळख करून देणारे सदर गेले काही महिने प्रसिद्ध होत आहे. मराठी माध्यमाच्या शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ इंग्रजी शिकवलेली मी एक निवृत्त शिक्षिका आहे आणि हे सदर मी पहिल्या दिवसापासून नियमाने वाचते. अर्थ नेमके दिलेले असतात आणि उदाहरणे आपल्या रोजच्या बोलण्यातली असतात, म्हणून ते मला मनापासून आवडते. गेल्या रविवारी त्यात ‘लाफिंग स्टॉक’ हा शब्दप्रयोग घेतला होता. चारचौघांत ज्याचे हसे होते, जो सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होतो तो ‘लाफिंग स्टॉक’, हा अर्थ अगदी बरोबर आहे. त्यापुढे दिलेल्या उगमाबद्दल मात्र मला लिहिणे भाग आहे.

जुन्या इंग्लंडमध्ये गुन्हेगाराचे पाय भर चौकात लाकडी खोड्यात अडकवून ठेवत, येणारेजाणारे त्याला हसत, त्या खोड्याला ‘स्टॉक्स’ म्हणत आणि त्यावरून ‘लाफिंग स्टॉक’ हा शब्द आला, असे सदरात म्हटले आहे. ही गोष्ट ऐकायला चांगली आहे, लक्षात राहते आणि जगभर सांगितली जाते. मी स्वतः ती कित्येक वर्षे वर्गात सांगत आले. पण शब्दाचा इतिहास तपासू लागल्यावर तिला आधार सापडत नाही, उलट तिच्या विरुद्ध जाणारा पुरावाच जागोजागी भेटतो. शाळांच्या फलकांवर आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांच्या वह्यांत आपल्या सदराची कात्रणे चिकटवलेली मी पाहिली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी त्या गोष्टीतला खरा भाग सांगते. खोडा होता, आणि तो इंग्लंडच्या गावोगावी होता. एकावर एक बसणाऱ्या दोन जाड फळ्या, त्यांच्या जोडावर घोट्याच्या मापाची भोके आणि कडेला कडीकुलूप, एवढीच त्याची रचना. वरची फळी उचलायची, माणसाला जमिनीवर किंवा बाकावर बसवून त्याचे पाय भोकांत ठेवायचे आणि फळी खाली आणून कुलूप लावायचे. 1348-49 च्या भीषण प्लेगनंतर इंग्लंडमध्ये मजुरांचा तुटवडा पडला आणि मजुरी वाढू लागली, तेव्हा ती जुन्याच दराला बांधून ठेवण्यासाठी 1351 मध्ये कायदा झाला. त्याप्रमाणे शपथ घ्यायला नकार देणाऱ्या मजुरांसाठी प्रत्येक गावात खोडा तयार ठेवावा, असे त्यात नमूद होते. पुढे 1606 च्या कायद्याने दारू पिऊन झिंगणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला आणि तो भरता आला नाही तर सहा तास खोडा. पाच शिलिंग ज्याच्या खिशात असत तो घरी जाई आणि ज्याच्याकडे नसत तो बाजारात बसे. ही शिक्षा मुख्यतः गरिबाच्या वाट्याला येई, हे त्या कलमातच दिसते. 1872 मध्ये बर्कशायर परगण्यातील न्यूबरी या गावी एका दारुड्याला असे बसवले होते, आणि इंग्लंडमधली ही शेवटची घटना म्हणून ती सांगितली जाते.

या ठिकाणी सदरासोबतच्या चित्राबद्दलही एक दुरुस्ती सुचवते. चित्रातला माणूस उभा आहे आणि त्याची मान व दोन्ही मनगटे फळीत अडकवलेली आहेत. हा खोडा नाही. याला इंग्रजीत ‘पिलरी’ म्हणतात. खोड्यात माणूस बसतो आणि त्याचे पाय अडकतात, तर पिलरीत तो एका खांबावरच्या फळीत मान देऊन वाकून उभा राहतो. तोंडावर फेकलेली घाण त्याला हाताने पुसताही येत नाही, कारण हातही अडकलेले असतात. पिलरी ही खोड्यापेक्षा कितीतरी क्रूर शिक्षा होती आणि दगडांच्या माराने तिथे माणसे मेलेलीही आहेत. डॅनिअल डेफो या लेखकाला धर्मसत्तेवर उपरोधिक पत्रक लिहिल्याबद्दल 1703 च्या जुलैअखेर लंडनमध्ये लागोपाठ तीन दिवस तीन वेगवेगळ्या ठिकाणी पिलरीत उभे केले होते. 1816 मध्ये ही शिक्षा खोट्या साक्षीसारख्या मोजक्या गुन्ह्यांपुरती मर्यादित झाली आणि 1837 मध्ये इंग्लंडने ती पूर्ण बंद केली.

शिक्षेच्या साधनावरूनच एखादा शब्दप्रयोग आला असेल तर तो कसा असतो, हे पिलरीवरून चांगले कळते. एखाद्या मंत्र्यावर सगळ्या वर्तमानपत्रांनी मिळून झोड उठवली की इंग्रजीत त्याला ‘पिलरी केले’ असे म्हणतात. साधनाचे नाव तेच राहिले, त्याचे क्रियापद झाले, आणि खऱ्या फळीची जागा छापील शब्दांनी घेतली. आपल्याकडे ‘धिंड काढणे’ याचेही असेच आहे. गाढवावर उलटे बसवून, तोंडाला काळे फासून गावातून फिरवण्याची शिक्षा होती, आणि आज एखाद्याची ‘धिंड काढली’ असे नुसत्या शब्दांच्या माराबद्दल बोलले जाते तेव्हाही त्या मागची मिरवणूक डोळ्यांपुढे येते. या दोन्ही ठिकाणी प्रथेपासून शब्दापर्यंतची वाट सरळ आहे. ‘लाफिंग स्टॉक’च्या बाबतीत ती तशी नाही, आणि ती का नाही हे समजून घ्यायला ‘स्टॉक’ या शब्दाच्या मुळापर्यंत जावे लागते.

‘स्टॉक’ हा इंग्रजीतला फार जुना शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ झाडाचा बुंधा, ओंडका, खोड असा आहे. मराठी वाचकाला हे समजावण्यासाठी दूर जायला नको, कारण आपल्या भाषेत अगदी हीच गोष्ट घडली आहे. ‘खोड’ म्हणजे झाडाचा बुंधा, आणि त्यापासूनचा ‘खोडा’ म्हणजे कैद्याचे पाय अडकवण्याचे लाकूड. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात ‘खोडा’ या शब्दापुढे ‘स्टॉक्स’ हाच प्रतिशब्द दिलेला आहे. मराठी बायबलमध्ये पौल आणि सीला यांना तुरुंगात टाकल्याचा प्रसंग आहे, तिथेही त्यांचे पाय ‘खोड्यात’ अडकवले असेच शब्द आहेत. आज आपण ‘सरकारी परवानगीने कामाला खोडा घातला’ असे सहज बोलतो. तेव्हा कोणाच्याही मनात कैद्याचा घोटा नसतो, पण शब्द तिथूनच आला आहे.

एवढ्यावर हे साम्य थांबत नाही. ऊस तोडल्यावर जमिनीत राहिलेल्या खोडापासून जे पुढचे पीक येते त्याला आपले शेतकरी खोडवा म्हणतात. कोकणात आंब्याचे कलम बांधताना ज्या रायवळ रोपावर हापूसची काडी बांधतात त्या रोपाला खुंट म्हणतात, आणि इंग्रजीत त्या खुंटाचे नाव ‘स्टॉक’ हेच आहे. बंदुकीचा लाकडी दस्ताही इंग्रजीत ‘स्टॉक’च. घराण्याचा मूळ पुरुष किंवा वंश या अर्थीही हा शब्द वापरतात, कारण फांद्या बुंध्यापासून फुटतात. शिवाय लाकूड निर्जीव असते, म्हणून ज्याला काही कळत नाही, ज्याच्यावर कशाचा परिणाम होत नाही अशा माणसालाही जुन्या इंग्रजीत ‘स्टॉक’ म्हणत, जसे आपण मख्खासारख्या उभ्या राहणाऱ्या मुलाला ‘ठोंब्या’ म्हणतो. मूर्तिपूजेवर टीका करताना जुने ख्रिस्ती लेखक ‘स्टॉक्स अँड स्टोन्स’ असा शब्दप्रयोग करीत, आणि त्याचा अर्थ लाकडे आणि धोंडे असाच आहे.

तेव्हा खोडा हा ‘स्टॉक’च्या अनेक अर्थांपैकी एक अर्थ आहे. ‘लाफिंग स्टॉक’मधला ‘स्टॉक’ त्याच अर्थाचा आहे असे आपण धरून चालतो, ते का, तर दोन्हींत लोकांचे हसणे आहे म्हणून. एवढा पुरावा पुरेसा होत नाही.

खरा पुरावा या शब्दाच्या भावंडांकडे आहे. सोळाव्या आणि सतराव्या शतकातल्या इंग्रजीत ‘लाफिंग स्टॉक’ एकटा नव्हता. ज्याच्याकडे सगळे टक लावून बघतात तो ‘गेझिंग स्टॉक’, ज्याच्याकडे बोट दाखवतात तो ‘पॉइंटिंग स्टॉक’, ज्याची नक्कल करून टिंगल करतात तो ‘मॉकिंग स्टॉक’, ज्याला हिणवतात तो ‘फ्लाउटिंग स्टॉक’. यांतले आज जवळजवळ सगळे शब्द विरून गेले आणि एकच टिकला. एकटाच उरल्यामुळे तो आपल्याला चमत्कारिक वाटतो आणि त्याच्यासाठी एखादी गोष्ट हवी असे वाटू लागते. पण सगळी भावंडे शेजारी उभी केली की त्यांची घडण लगेच दिसते. आधी लोक जे करतात ती क्रिया येते आणि मागून ‘स्टॉक’ येतो. ती क्रिया ज्याच्यावर होते, जो तिच्यासमोर लाकडासारखा उभा असतो, तो हा ‘स्टॉक’.

मराठी वाचकाला ही घडण परकी वाटू नये, कारण आपल्याकडे हेच काम ‘आस्पद’ करतो. आस्पद म्हणजे स्थान, जागा. ज्याच्या ठायी हसू यावे ते हास्यास्पद, ज्याच्याविषयी संशय घ्यावा ते संशयास्पद, वाद व्हावा ते वादास्पद, निंदा व्हावी ते निंदास्पद. यांतल्या ‘आस्पद’मध्ये आपण एखादी विशिष्ट इमारत किंवा चौक शोधत नाही. ‘लाफिंग स्टॉक’ला आपल्या भाषेतला सर्वांत जवळचा जुळा भाऊ ‘हास्यास्पद’ आहे असे माझे मत आहे. अर्थाच्या बाबतीत तर आहेच, पण दोन्ही शब्द बांधण्याची रीतही एकच आहे. वर्गात हे फळ्यावर शेजारीशेजारी लिहिले तर मुलांना एका मिनिटात कळेल, आणि मला हे इतक्या उशिरा सुचले याची आज हळहळ वाटते.

ही भावंडे प्रत्यक्ष कुठे वापरली आहेत ते पाहिले म्हणजे खोड्याची गोष्ट किती अपुरी पडते ते कळते. शेक्सपिअरच्या सहाव्या हेन्री राजावरील दुसऱ्या नाटकात ग्लॉस्टरच्या ड्यूकची पत्नी एलेनॉर हिच्यावर जादूटोण्याचा आरोप येतो. ही स्त्री इतिहासात खरोखर होऊन गेली आणि 1441 च्या नोव्हेंबरमध्ये तिला प्रायश्चित्त म्हणून हातात मेणबत्ती धरून लंडनच्या रस्त्यांतून चालत जावे लागले होते. नाटकात ती अनवाणी, अंगावर पांढरी चादर, पाठीवर तिच्या अपराधाचे कागद लावलेले आणि हातात पेटती मेणबत्ती अशी रस्त्यातून येते. ज्या नवऱ्याच्या सत्तेवर तिचा एवढा डौल होता, तो तिथेच उभा राहून बघत आहे. ती त्याला म्हणते की, तू उभा होतास आणि मी मात्र प्रत्येक रिकामटेकड्या हलकटासाठी नवलाची वस्तू आणि ‘पॉइंटिंग स्टॉक’ झाले. इथे खोडा नाही, खांब नाही, तिचे पाय अडकवलेले नाहीत. उलट तिला चालत ठेवणे हीच तिची शिक्षा आहे. तिला टोचतात ती फक्त तिच्याकडे रोखलेली बोटे.

दुसरे उदाहरण बायबलचे. 1611 च्या इंग्रजी भाषांतरात नहूम संदेष्ट्याच्या पुस्तकात निनवे नगरीला ‘मी तुला गेझिंग स्टॉक करीन’ अशी ताकीद आहे. सगळी नगरी कोणत्या खोड्यात बसवणार? तिथे घाण अंगावर टाकण्याचाही उल्लेख आहे, म्हणून कोणाला पुन्हा चौकातली शिक्षा आठवेल, पण तो उल्लेख मूळ हिब्रू वचनातलाच आहे आणि तो इंग्लंडच्या खोड्यांपेक्षा कितीतरी शतके जुना आहे. त्याच भाषांतरात इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात छळ सोसलेल्या ख्रिस्ती लोकांबद्दल हाच शब्द आहे, आणि मूळ ग्रीकमध्ये तिथे जे क्रियापद आहे ते ‘थिएटर’ या शब्दाच्या कुळातले आहे. लोकांसमोर देखावा होणे, आपल्या बोलीत सांगायचे तर तमाशा होणे, एवढाच त्याचा भाव आहे. त्यासाठी भाषांतरकारांना ‘गेझिंग स्टॉक’ जवळचा वाटला.

खुद्द ‘लाफिंग स्टॉक’ शेक्सपिअरच्या विंडसरच्या विनोदी नाटकात येतो. गावचा वेल्श पाद्री आणि एक फ्रेंच डॉक्टर यांच्यात द्वंद्व ठरते आणि गावचा खानावळवाला दोघांना मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणी पाठवून ताटकळत ठेवतो. आपली गंमत केली जात आहे हे लक्षात आल्यावर पाद्री डॉक्टरला हळूच म्हणतो की, दुसऱ्यांच्या लहरीखातर आपण ‘लाफिंग स्टॉक’ होऊ नये, आणि थोड्याच वेळाने त्याच चीडीने आपल्या वेल्श उच्चारात ‘फ्लाउटिंग स्टॉक’ही म्हणतो. दोन्ही शब्द त्याला एकच वाटतात. याउलट शेक्सपिअरला जेव्हा खरा खोडा दाखवायचा असतो तेव्हा तो रंगमंचावर आणतो. लिअर राजाच्या नाटकात राजाच्या सेवकाला, म्हणजे वेश बदललेल्या केंटला, खोड्यात अडकवतात आणि तो बिचारा रात्रभर तसाच झोपतो. तिथे त्या साधनाला साधा ‘स्टॉक्स’ हा शब्द आहे.

हा अनेकवचनाचा मुद्दाही लक्षात घेण्यासारखा आहे. खोड्याला इंग्रजीत सहसा ‘स्टॉक्स’ असे अनेकवचनीच म्हणतात, कारण फळ्या दोन असतात. ‘लाफिंग स्टॉक’ मात्र एक माणूस असला की एकवचनी असतो. शिवाय हा शब्द माणसाचे नाव आहे, तो ज्यात अडकला आहे त्या वस्तूचे नाही. आपण एखाद्या कैद्याला ‘तो खोड्यात आहे’ म्हणू, ‘तो खोडा आहे’ असे म्हणणार नाही.

आता माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारी एक गोष्टही सांगितली पाहिजे, कारण ती लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, आणि मला ती फार हृद्य वाटते. ‘लाफिंग स्टॉक’च्या ज्या सर्वांत जुन्या नोंदी कोशकार दाखवतात त्यांत 1533 च्या सुमाराची जॉन फ्रिथ या तरुण धर्मसुधारकाची नोंद आहे. हा फ्रिथ स्वतः एकदा खोड्यात बसला होता. जॉन फॉक्स याने आपल्या हुतात्म्यांच्या इतिहासात, ज्याची पहिली इंग्रजी आवृत्ती 1563 मध्ये निघाली, ती हकिकत दिली आहे. युरोपातून लपतछपत परत आलेला फ्रिथ रेडिंग या गावी पोहोचला आणि आपण कोण हे सांगेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्याला भटक्या समजून खोड्यात घातले. बराच वेळ तो तसाच बसून राहिला आणि भुकेने कासावीस झाला. शेवटी त्याने एकच विनंती केली, की या गावच्या शाळामास्तरांना बोलवा. लेनर्ड कॉक्स हे मास्तर आले. खोड्यातल्या त्या फाटक्या माणसाने त्यांच्याशी लॅटिनमध्ये बोलायला सुरुवात केली आणि आपली कैफियत सांगितली. बोलता बोलता दोघे ग्रीकवर आले आणि फ्रिथने होमरच्या इलियडमधल्या ओळी तोंडपाठ म्हणून दाखवल्या. मास्तर तडक गावच्या अधिकाऱ्यांकडे गेले, एवढ्या विद्वान तरुणावर अन्याय होत आहे असे त्यांना सांगितले आणि फ्रिथची सुटका झाली. पुढे तो पुन्हा पकडला गेला, लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत राहिला आणि 4 जुलै 1533 रोजी स्मिथफील्ड येथे त्याला जिवंत जाळण्यात आले.

मी आयुष्यभर शिक्षकी पेशा केला आहे, त्यामुळे सगळे गाव बघत उभे असताना कैद्याच्या शेजारी येऊन त्याचे बोलणे नीट ऐकून घेणारे ते मास्तर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. पण या हकिकतीवरून शब्दाचा उगम सिद्ध होतो का? होत नाही. खोडा अनुभवलेल्या माणसाने हा शब्द लिहिला म्हणून शब्द खोड्यातून जन्मला असे म्हणता येत नाही. ज्यांनी गावोगावी खोडे पाहिले होते अशा लोकांच्या कानाला ‘स्टॉक’ या आवाजात दोन्ही अर्थ एकदम ऐकू येत असतील आणि त्यामुळे हा शब्द जास्त रुजला असेल, हे मला शक्य वाटते. चाबकाचे फटके मारण्याच्या खांबावरून हा साचा आला असावा असेही काही अभ्यासकांनी सुचवले आहे, पण ‘व्हिपिंग स्टॉक’ हा शब्द लिखित नोंदींत बराच नंतर दिसतो. या सगळ्याचा विचार करून सदरात लिहायचे झाले तर एवढेच लिहिता येईल, की ‘स्टॉक’चा मूळ अर्थ ओंडका, त्यावरून एखाद्या क्रियेचे निर्जीवपणे उभे असलेले लक्ष्य, आणि खोड्याशी या शब्दाचे असलेच तर चुलत नाते आहे. खोडवा आणि खोडा यांच्याप्रमाणे दोघांचे मूळ एक, पण एकातून दुसरा निघालेला नाही.

सदरात मराठी पर्याय म्हणून ‘हास्यास्पद माणूस’ असे दिले आहे. घडणीच्या दृष्टीने तो जवळचा शब्द आहे हे मी वर म्हटलेच आहे, पण वापरताना थोडी काळजी घ्यावी लागते, कारण आज आपण हा शब्द माणसापेक्षा विधानाला, दाव्याला, मागणीला लावतो. ‘त्याने सभेत स्वतःला लाफिंग स्टॉक करून घेतले’ या वाक्याचे मराठी ‘त्याने सभेत आपले हसे करून घेतले’ असेच व्हायला हवे. सगळ्या गावाने एखाद्याला टिंगलीला धरले असेल तर ‘तो गावाच्या चेष्टेचा विषय झाला’ हे चपखल बसते. ‘हसण्यावारी नेणे’ मात्र इथे मुळीच चालणार नाही, कारण त्यात गोष्ट सोडून देण्याचा भाव आहे. जाता जाता आणखी एक सांगते. इंग्रजीत याच अर्थाचा ‘बट’ हा शब्द आहे, आणि तिरंदाजीच्या सरावासाठी निशाणामागे घातलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावरून तो आला आहे. आपण ‘चेष्टेचे लक्ष्य’ म्हणतो तेव्हा तीच धनुर्विद्या आपल्याही बोलण्यात असते.

मी हे सगळे इतक्या आग्रहाने लिहीत आहे त्याला एक कारण आहे, आणि तेही आपल्याला सांगते. अनेक वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी ‘लाफिंग स्टॉक’चा अर्थ विचारला होता. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. तो फार क्वचित बोलायचा. घरी ऊसतोडीचे काम होते आणि वर्षातले काही महिने तो शाळेत नसेच. त्याने उभे राहून उत्तर दिले, ‘बाई, हसण्याचा साठा.’ वर्ग खो खो हसला आणि मीही हसले. मग मी फळ्यावर खोड्याचे चित्र काढून, रंगवून रंगवून हीच गोष्ट सांगितली. मुलांनी ती वहीत उतरवून घेतली. त्या मुलाने त्या वर्षी पुन्हा हात वर केला नाही.

आज मला कळते की त्या वर्गात विचार करण्याची योग्य पद्धत त्याचीच होती. त्याने शब्दाचे दोन तुकडे केले, दुसऱ्या तुकड्याचा त्याला माहीत असलेला अर्थ घेतला आणि दोन्ही जोडून पाहिले. दुकानातला ‘स्टॉक’ त्याला माहीत होता, बुंध्याचा माहीत नव्हता, एवढेच. मी त्याला विचारले असते की ‘स्टॉक’चा अर्थ खोड असाही आहे, आता सांग, तर उसाच्या फडात वाढलेल्या त्या मुलाला खोड, खोडवा आणि खोडा हे तिन्ही शब्द माझ्यापेक्षा जास्त चांगले माहीत होते. तो कदाचित योग्य उत्तरापर्यंत पोहोचलाही असता. ते न करता मी त्याला एक तयार गोष्ट दिली, आणि ती गोष्ट खरी आहे की नाही हे स्वतः कधी पाहिले नव्हते. एका मार्गदर्शक पुस्तिकेत ती छापलेली होती, तेवढे मला पुरेसे वाटले होते.

म्हणून आपल्याला दोन विनंत्या आहेत. येत्या रविवारी या उगमाविषयी दुरुस्ती छापावी आणि ती सदराच्याच जागेत, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी, म्हणजे ज्यांनी कात्रण ठेवले आहे त्यांच्या नजरेस ती पडेल. तसेच पिलरीच्या चित्राखालचे ‘स्टॉक्स’ हे नाव बदलावे किंवा चित्रच बदलावे. सदराच्या लेखकांना पुढच्या शब्दांसाठी माझ्याकडची टिपणे उपयोगी पडणार असतील तर ती मी आनंदाने पाठवीन. ‘गेझिंग स्टॉक’ आणि ‘पॉइंटिंग स्टॉक’ यांची उदाहरणे मी एका वहीत स्वतंत्र उतरवून ठेवली आहेत, आणि ती वही मी तशीच्या तशी टपालाने देऊ शकते.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका
जिल्हा सातारा